पुलावरची उचकी

भाट्याच्या पुलाच्या बरोबर मध्यावर गाडीने आचका दिला. फार मोठा नव्हे. पुढ्यातली पाण्याची बाटलीसुद्धा हलली नाही. पण गंगारामच्या पाठीला तो कळला. एकतीस वर्षं एस.टी.चं स्टेअरिंग धरलेल्या माणसाची पाठ ती, तिला असल्या गोष्टी डोक्याच्या आधी कळतात. पुढे एक रिक्षा रखडत होती, ती बाजूला झाली, त्याने उजवा पाय हलकेच दाबला, दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडायची वेळ आली आणि गाडी अडखळली. कोणीतरी मागून सदरा धरून ओढावा तशी. मग काही झालंच नाही अशा थाटात ती पुढे निघाली. खाली ओहोटीची खाडी होती, चिखलात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या, आणि गंगारामने उगाच आरशात पाहिलं, जसं काही मागे ओढणारा तिथे बसलेला दिसणार होता. त्याने रेडिओ बंद केला, काच खाली घेतली आणि कान देऊन बसला. पूल संपता संपता पुन्हा एक. एकदा झालं तर रस्त्यावर ढकलता येतं, दोनदा झालं म्हणजे रस्ता सुटला. मग तो राजिवड्याच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसता बसून राहिला, बाजारात काय आणायला निघालो होतो तेही त्याला आठवेना.

आचका. डेपोत हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायचा. गाडी आचके खाते, आचके देते, वर्कशॉपला लाव. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. पण आज बंद गाडीत एकट्याने तो शब्द मनात आला आणि त्याच्या मागून वडिलांची शेवटची दुपार आली. खाटेवरची ती मान, दोन श्वासांमधली ती लांबच लांब जागा, आणि आई म्हणत होती, आता आचके लागले रे, पाणी घाल. गंगारामने मग मनातल्या मनात शब्द बदलून पाहिला. झटका. धक्का. हिसका. एकही बसेना. जे होतं ते तेच होतं.

खरं सांगायचं तर एरवी तो एवढा अस्वस्थ झाला नसता. गाडी म्हटली की कुरकुरायचीच, आणि ही तर अकरा वर्षांची डिझेल, तीही ऑटोमॅटिक. जावयाची, हर्षदची जुनी गाडी. गेल्या वर्षी गंगारामच्या साखरेचा आकडा चढला, डावा गुडघा धरायला लागला, तेव्हा लेक रुचिरा म्हणाली होती, "बाबा, आता तुमच्या पायाला क्लच नको. ही घेऊन जा." त्याने गाडीत वाकून पाहिलं तर दोनच पॅडल! "ही कसली गो गाडी? एका पायाची?" म्हणून तो खो-खो हसला होता. पहिला महिनाभर त्याने डावा पाय मुद्दाम सीटखाली मुडपून ठेवला, शाळेत बाकावर मुलं ठेवतात तसा. मग वर्षभर गाडी लोण्यासारखी चालली. आणि आता, नेमकं आता, हे. कारण सोमवारी दिवाळीची सुट्टी संपत होती. रुचिरा बदली घेऊन बँकेच्या रत्नागिरी शाखेत आली होती, हर्षद अजून पुण्यालाच होता, आणि पहिलीतली सलोनी सोमवारपासून इथल्या शाळेत जायची होती. शाळेची व्हॅन होती. त्या व्हॅनचं नाव काढल्याबरोबर गंगाराम कडाडला होता, "माझी नात मेंढरासारखी कोंबून जायची नाय. मी सोडीन, मी आणीन. एकतीस वर्षांत कोणाला खरचटू दिलेलं नाही मी!" रुचिरा म्हणाली, "बघा हं बाबा, रोजचं आहे." बघा हं. हे दोन शब्द त्याला लागले होते. रिटायर झाल्यापासून रोजचं असं त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. आता होतं, आणि सोमवार सहा दिवसांवर होता.

त्या सहा दिवसांत त्याने घरातल्या प्रत्येकाला एकेकदा गाडीतून फिरवून आणलं, काही ना काही निमित्त काढून. बायकोला, गोदाला, बाजारात नेलं. "लागला काय तुला?" त्याने पुलावर विचारलं. "काय लागला?" गोदा म्हणाली. "मला काय एक लागला नाय. तुमचा आपला काहीतरीच." मग तिने पुढे जोडलं, "अवो, त्यापेक्षा पायात बघा. सकाळी एक चप्पल पायरीवर टाकून एका चपलीने भायेर गेलाव. जळ्ळं मेलं ते ध्यान, शेजारची हसत होती." तो म्हणाला, घाई होती. घाई कसलीच नव्हती. डावी चप्पल पायातून कधी निसटली हे त्याला फाटकापर्यंत कळलं नव्हतं, आणि कळलं तेही खडी दिसली म्हणून, टोचली म्हणून नव्हे. ही गोष्ट त्याने मनात एका बाजूला सारली. गेल्या महिन्यात डॉक्टरने तळपायाला टाचणी लावून विचारलं होतं, "टोचतंय?" तो म्हणाला होता, हो. डॉक्टरचा हात पुढे येताना त्याला दिसत होता, म्हणून. तीही गोष्ट त्याने त्याच बाजूला सारली होती, आणि ती बाजू आता जरा भरत आली होती.

आचका लागला एकटीला, सलोनीला. ती मागच्या सीटवर पट्टा लावून बसली होती, आणि पुलावर गाडी अडखळली तशी टाळी वाजवून ओरडली, "आजोबा, गाडीला उचकी लागली!" रुचिरा मोबाइलमध्ये होती, तिने मानही वर केली नाही. "कोण आठवण काढतंय गाडीची?" सलोनीने विचारलं. गोदाने तिला हे आदल्याच दिवशी शिकवलं होतं, उचकी लागली की एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याच्या नावाला थांबेल तो आठवण काढतोय. "बाबा काढतायत का?" "काढत असतील," गंगाराम म्हणाला. "बाबा," सलोनी गाडीला म्हणाली. गाडीने पुढच्या गिअरला पुन्हा उचकी दिली. "बाबा नाहीत," ती म्हणाली, आणि मग घरापर्यंत तिने पुण्याच्या शाळेतल्या सगळ्या मुलांची नावं घेऊन पाहिली. गंगारामला त्या क्षणी तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे चुरचुरले. निदान एक माणूस होतं ज्याला ते कळत होतं. आपण वेडे नाही. गाडीतच खोट आहे, आणि खोट असली की ती काढता येते.

शनिवारी सकाळी तो साकिबच्या गॅरेजवर गेला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हात लावील असा रत्नागिरीत त्याच्या माहितीचा हा एकच, मस्कतला सहा वर्षं काढून आलेला. शिवाय तो मजीदमियांचा नातू. मजीदमियां म्हणजे डेपोतले उस्ताद, गंगारामला घाट शिकवला तो त्यांनी. त्यामुळे साकिब त्याला काका म्हणायचा आणि खुर्ची पुसून द्यायचा. गंगारामने सगळं सांगितलं, कुठे, कितव्या गिअरला, किती वेगात, थंड गाडीला की तापल्यावर. एखाद्या निष्णात वैद्याला नाडीचं सांगावं तसं त्याने ते सांगितलं, आणि सांगताना चार दिवसांत पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं. साकिबने ऐकून घेतलं, गाडी वर चढवली, गिअरबॉक्सचं तेल थेंबभर काढून बोटावर चोळलं, हुंगलं. "करपलेलं नाही काका, पण जुनं झालंय. बदलून बघू." काळपट तेल टिपकत राहिलं आणि नवं आत गेलं ते कोकमाच्या आगळासारखं लालभडक. मग त्याने इंजिनाची माउंटिंगं हलवून पाहिली, डिझेलचा फिल्टर पाहिला, स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडून पडद्यावरचे आकडे बघत बसला. "एकही फॉल्ट दाखवत नाही." "मग काय मी खोटं बोलतोय?" गंगाराम एकदम चिडला. "तसं नव्हे काका," साकिब हसला. "हा गिअरबॉक्स शिकतो. चालवणाऱ्याचा पाय शिकतो तो. कोण दमाने दाबतो, कोण रेटतो, त्याप्रमाणे गिअर टाकतो. आधी जावई चालवायचे ना? त्यांचं शिकलेलं सगळं पुसून टाकतो. आता तुमचा पाय शिकेल."

तुमचा पाय शिकेल. गंगारामला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. म्हणजे इतके दिवस खाली कोणीतरी बसून आपला पाय बघत होतं? त्याच्या वेळच्या गाड्या असल्या चोंबड्या नव्हत्या. तिथे गिअर म्हणजे दांडा, तो हाताने टाकायचा, आणि चुकला तर अख्ख्या बसला ऐकू जाईल असा कर्रकन आवाज व्हायचा. चूक झाली की झाली, तिथल्या तिथे. आंबा घाटात पावसाळी धुक्यात तो पुढचं काही दिसत नसताना डाव्या पायाने गाडी चालवायचा, असं तो गोदाला सांगायचा, आणि ते अगदी खोटं नव्हतं. क्लच कुठे धरतो, कुठे सोडतो, तो अर्ध्या इंचाचा टापू त्याच्या तळव्यात होता. उजवा पाय काय, कोणीही दाबतो. ड्रायव्हर असतो तो डाव्या पायात.

साकिबने गाडी स्वतः मारुती मंदिरापर्यंत नेऊन आणली. गंगाराम शेजारी बसला होता. गाडी अशी सरकली जशी गुळगुळीत घोटलेल्या फरशीवरून. एक, दोन, तीन, चार, पत्ता लागला नाही. "झालं की!" गंगाराम म्हणाला, आणि स्टेअरिंगवर बसला, आणि थिबा पॅलेसच्या चढाला तिसऱ्या गिअरला आचका आला. पुन्हा आला. साकिबचा मोबाइल खाली पडला होता का त्याने पाडला, कोण जाणे, पण तो उचलायला तो वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "काका, एक काम करू. तुम्ही पुढे चला, मी बाइकवर मागनं येतो." दोघे तसे जेलरोडपर्यंत जाऊन आले. गॅरेजवर उतरल्यावर साकिबने हेल्मेट काढलं, हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. "गाडी पळत असताना ब्रेकचे दिवे लागतात काका. दिवा लागला की आचका. गिअरबॉक्सला एकाच वेळी दोन हुकूम जातात, चल आणि थांब. त्याने ऐकायचं कोणाचं?" "मग स्विच गेला असणार ब्रेकचा," गंगाराम ताडकन म्हणाला. साकिबने त्याच्याकडे पाहिलं. "असेल," तो म्हणाला. "बदलतो."

स्विच एवढासा होता, अंगठ्याच्या पेराएवढा. तो बसवून होईपर्यंत गंगाराम बाकड्यावर चहा पीत बसला. साकिब पॅडलखाली उताणा पडून काम करत होता, नुसते पाय बाहेर. तिथूनच त्याने विचारलं, "काका, आजोबांची ती चुन्याची गोष्ट खरी काय हो?" गंगाराम खुलला. खरी म्हणजे! शंभर टक्के खरी. नव्या ड्रायव्हरची खोड असते, गाडी टॉप गिअरला पडली तरी डावा पाय क्लचवर ठेवून बसायचं, नुसता टेकवून. त्याने प्लेटा जळतात, आणि ऐन वेळी पाय हवा तिथे नसतो. मजीदमियां ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसायचे, पानाची डबी मांडीवर. हातखंब्याच्या सपाट सड्यावर गाडी सरळ लागली, टॉपला पडली, की हे खाली वाकून बोटभर चुना क्लचच्या पॅडलला फासायचे. पुढच्या थांब्याआधी विचारायचे, "बूट दाखव." तळ पांढरा दिसला की पालीच्या कँटीनमध्ये सगळ्यांसमोर, "बघा, क्लचने गंगारामला चुना लावला!" तीन दिवस लागला. चौथ्या दिवशी बूट काळा निघाला, आणि उस्तादांनी स्वतःच्या हाताने पान लावून दिलं. "एकतीस वर्षं नंतर बुटाला चुना नाय लागला साकिब. विचार डेपोत कोणालाही." "आजोबा म्हणायचे," साकिब म्हणाला, "चालवणाऱ्याला पाय कधी दिसत नाही, म्हणून चुना." "बरोबर म्हणायचे," गंगाराम म्हणाला आणि चहा संपवला.

घरी जाताना पुलावर आचका आला. नवा स्विच, नवं तेल, सगळं नवं. त्याने साकिबला मनातल्या मनात शिवी हासडली, मस्कतला काय शेळ्या राखत होतास काय रे, आणि शिवी अर्धी झाली असतानाच ती चुन्याची गोष्ट परत त्याच्या कानात सुरू झाली. साकिबला ती गोष्ट ठाऊक होती. लहानपणापासून ठाऊक होती. मग त्याने विचारली कशाला? रात्रभर त्याला जाग येत राहिली आणि प्रत्येक वेळी तो स्वतःला सांगत होता, पोराने सहज विचारलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, सगळे कलंडले असताना, त्याने गोदाच्या पानाच्या डब्यातून चुन्याची डबी उचलली आणि खिशात घातली. चोरासारखं वाटलं. आपल्याच घरातली, आपल्याच बायकोची डबी. एस.टी.तले काळे बूट त्याने अजून जपले होते, चप्पल घालून स्टेअरिंगला बसणाऱ्यांतला तो नव्हता. डाव्या बुटाचा तळ त्याने ओल्या फडक्याने पुसून काढला. गाडी चढ चढून गोळपच्या सड्यावर आली, तिथे काळा कातळ, पिवळं पडलेलं गवत आणि चिटपाखरू नाही. बाजूला थांबून त्याने ब्रेकच्या पॅडलची डावी कड चुन्याने नीट लिंपली. उजव्या पायाने ब्रेक दाबला तर तो उजवीकडून पडतो. डाव्या कडेला कोणाचंच काम नव्हतं. मग तो निघाला, आणि अख्खा रस्ता स्वतःशी मोठ्याने बोलत राहिला, "डावा खाली आहे. डावा खाली आहे. जमिनीवर आहे." आणि तो खरंच होता. त्याला तो जाणवत होता, मॅटवर टेकलेला, गुडघ्यापासून खाली सरळ. दुसरा गिअर. तिसरा. आचका. तरी तो होता तिथेच, त्याने कोणाच्याही गळ्याची शपथ घेतली असती. पुढे मैलभर गेल्यावर त्याने हँडब्रेक ओढला, दार उघडलं, उतरला, बॉनेटला हात टेकून डावा पाय मागे दुमडला आणि मान वळवून पाहिलं.

पांढरा होता. थोडाथोडका नव्हे, चवड्याखाली चांगला बोटभर पट्टा.

त्याला पहिल्यांदा राग आला तो मजीदमियांचा, ज्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. मग साकिबचा. मग पायाचा, आणि पायाचा राग आल्यावर त्याने तो कातळावर दाणकन आपटला. दोनदा, तीनदा. आवाज कानांना आला, तळव्याला नाही. मग तो गाडीच्या सावलीत खाली बसला आणि रडला, अगदी नाक ओढून ओढून, आणि सड्यावर एक गाय चरत होती ती मान वर करून बघत राहिली. एकतीस वर्षं ज्या पायाने नोकरी केली तो पाय गुपचूप अजून नोकरीवर जात होता. गिअर बदलायची वेळ आली की उठत होता, क्लच शोधत होता, जो मिळेल त्याच्यावर पडत होता. आणि त्याला विचारतही नव्हता. काही वेळाने रडं ओसरलं आणि त्याजागी एक बारीक, कोरडी अक्कल आली. गवताच्या मुठीने तळ पुसला तर? पॅडल पुसलं तर? गोदाला आचका कळत नाही. रुचिरा मोबाइलमध्ये असते. साकिब बोलणार नाही, त्याला बोलायचं असतं तर कालच बोलला असता. सलोनीला उचकी आवडते. पाय पुन्हा सीटखाली मुडपून बसायचं, आणि काय. राहील की मुडपलेला. राहील? आणि शाळेच्या दारात मुलं रस्ता ओलांडत असताना, उजव्या पायाने ब्रेक मारायच्या ऐन क्षणी, हा खालून उठून नेमका कुठे पडेल? त्याने तळ पुसला नाही. पण घरी गेल्यावर कोणाला सांगितलंही नाही. चुन्याची डबी जागच्या जागी ठेवली आणि संध्याकाळभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. गोदा म्हणाली, "काय झाला वो, बसा की जरा." तो बसला नाही.

सोमवारी सकाळी सलोनी नव्या गणवेशात, वेणीला रिबिनी लावून, मागच्या सीटवर आधीच जाऊन बसली. रुचिराला आज पहिल्या दिवशी शाळेपर्यंत यायचं होतं, पुढे ती बँकेत जाणार होती. गोदा डबा घेऊन पायरीवर उभी होती. गंगाराम गाडीच्या उजव्या दारापाशी गेला, दार उघडलं, आणि किल्ली रुचिरापुढे धरली. "तू चालव."

"का हो बाबा? बरं नाही वाटत?"

"माझा डावा पाय ब्रेकवर जातो," तो म्हणाला. "मला कळत नाय."

रुचिराने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किल्ली घेतली. "आणि त्या व्हॅनवाल्याला फोन कर," तो म्हणाला, "उद्यापासून. पण पुढच्या सीटवर बसव म्हणावं तिला, कोंबू नको." मग तो गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला. परवाची साकिबशेजारची फेरी सोडली तर या बाजूला तो कधी बसला नव्हता, इथून रस्ता वेगळाच दिसत होता, गटार जवळ आणि समोरून येणारी गाडी लांब.

पुलाखाली भरती होती. त्या दिवशीच्या कलंडलेल्या होड्या उठून पाण्यावर उभ्या होत्या. रुचिराने एका टेम्पोमागे गाडी हळू केली, टेम्पो गेला, तिने पाय दाबला. दुसरा, तिसरा. काही झालं नाही. गाडी पाण्यासारखी पुढे गेली.

"आजोबा," मागून सलोनी म्हणाली, "आज गाडीला उचकी नाही लागली!"

"नाय लागली."

"म्हणजे आज कोणी आठवणच नाही काढली."

गंगारामने खाली पाहिलं. डावा बूट मॅटवर चांगला दाबून धरलेला होता, चवडा पुढे, टाच वर, नेमका तिसऱ्या गिअरच्या वेळी, क्लचच्या जागी. खाली नुसता पत्रा होता.

"काढली गो," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून त्याने पाय उचलून मागे घेतला.